पाठमोऱ्या श्रोत्यांसाठी

संध्याकाळी माकणीतल्या घराघरांत टीव्ही लागतो, तेव्हा घरातली निम्मी माणसं त्याच्यासमोर नसतात. कुणी भाकरी थापत असतं, कुणी गोठ्यात धार काढत असतं, कुणी अंगणात सोयाबीनच्या पोत्यांवर ताडपत्री ओढत असतं. लोहारा तालुक्यातलं, तेरणेवरच्या निम्न तेरणा धरणाचं हे गाव. इथली कामं मालिकेची वेळ पाहून थांबत नाहीत. मालिका सुरू झाली हे या माणसांना पडद्यावरून नाही, कानांवरून कळतं. शीर्षकगीताची सुरावट माजघरातून स्वयंपाकघरात येते, तिथून परसात पोचते, आणि तव्यावरची भाकरी उतरवून, हात पुसत घरची बाई आत येते.

शीर्षकगीत जन्माला आलं ते या पाठमोऱ्या श्रोत्यासाठी. जो समोर बसलाय, त्याला बोलवायचं कारण नाही. जो दुसऱ्या खोलीत आहे, ज्याच्या कानांत पंख्याची घरघर आणि कुकरची शिट्टी आहे, त्याच्यापर्यंत तीन-चार सेकंदांत पोचायचं, तेही अगदी साध्या स्पीकरमधून. हे एकदा ध्यानात घेतलं, की गाजलेल्या शीर्षकगीतांच्या ध्वनिमुद्रणातल्या कितीतरी युक्त्यांचा उलगडा होत जातो. चाल कशी सुचली याच्या आठवणी आपल्याकडे भरपूर छापून येतात. ती चाल यंत्रात कशी बसवली, कशी कापली, कशी जोडली, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही. हा लेख त्या कारागिरीविषयी आहे.

गर्दीतून वाट काढणारा आवाज

धाराशिव जिल्ह्याला ही विद्या नवी नाही. तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ ज्यांनी ऐकला आहे, त्यांना संबळाची जोडी ठाऊक आहे: एका भांड्याचा आवाज घुमारदार, दुसऱ्याचा टणक. अंगणातल्या गर्दीत, पोरांच्या आरडाओरड्यात संबळ ओळखू येतो तो त्या टणक टोल्यामुळे. हलगीचं चामडं वाजवण्याआधी शेकून घेतात तेही तेवढ्यासाठीच. चामडं ताणलं की आवाज चढा आणि धारदार होतो. तुणतुण्याला तर तारच एक, पण तिचा चिरका नाद दहा गळ्यांतून वेगळा ऐकू येतो.

माणसाचा कान सगळ्या आवाजांना सारखी दाद देत नाही. साधारण २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात तो सगळ्यात तल्लख असतो. संबळाचा टोला, हलगीची कडकड, सनईच्या पत्तीतून येणारे वरचे स्वरांश यांची बरीचशी ताकद या पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास असते. आपल्या वाद्यकारांनी हर्ट्झ मोजले नव्हते. उघड्यावर वाजवता वाजवता जे टिकलं ते त्यांनी ठेवलं. पुढे ध्वनिमुद्रकांनी यंत्रापुढे बसून तोच शोध पुन्हा लावला.

टीव्ही येण्याच्या कितीतरी आधी रेडिओने याचा उत्तम धडा घालून दिला. आकाशवाणीची सकाळची ओळखधून वॉल्टर कॉफमन या संगीतकाराने १९३०च्या दशकात बांधली. आजच्या चेक प्रजासत्ताकात जन्मलेला हा ज्यू माणूस नाझींच्या काळात युरोप सोडून १९३४मध्ये मुंबईला आला आणि आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळू लागला. धून शिवरंजनीच्या सुरांत आहे. वर व्हायोलिन, खाली तंबोरा.

खालचा तो तंबोरा हीच त्या धुनेची खरी युक्ती. मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात पाचेक हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही पोचत नाही आणि खिशातल्या ट्रान्झिस्टरचा चिमुकला स्पीकर खर्ज वाजवू शकत नाही. वरूनही कातरलेलं, खालूनही कातरलेलं. अशा चिंचोळ्या वाटेने जाऊनही तंबोरा तंबोराच वाटतो, याचं कारण त्याच्या घोडीत आहे. घोडीचा माथा किंचित गोलसर असतो, त्यावर जवारीचा दोरा सरकवलेला असतो. कंप पावणारी तार त्या माथ्याला घासत राहते आणि मूळ स्वरापेक्षा वरचे स्वरांशच जास्त जोमाने उमटतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१मध्ये तंबोरा आणि वीणेच्या या घोडीवर शोधनिबंध लिहिला होता. आता कानाची करामत अशी, की वरचे स्वरांश नीट ऐकू आले, तर खालचा मूळ स्वर प्रत्यक्षात नसला तरी मेंदू तो भरून काढतो. स्पीकर खर्ज वाजवत नाही. खर्ज ऐकणाऱ्याच्या डोक्यात वाजतो. पहाटे बैलांना वैरण टाकणाऱ्या माणसाला दावणीपाशी जो भरदार तंबोरा ऐकू यायचा, त्यातला बराचसा त्याच्या स्वतःच्या कानाने तयार केलेला असायचा.

लाकडी खोक्यातला स्पीकर

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. माकणीच्या दक्षिणेला, सीमेपलीकडच्या गुलबर्गा जिल्ह्यातल्या काही खेड्यांत टीव्ही आला तो ऑगस्ट १९७५मध्ये. उपग्रहाद्वारे शिक्षण देण्याचा ‘साईट’ हा प्रयोग सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत वर्षभर चालला, त्यात हा भाग होता. गावाला एक संच आणि पुढे सगळं गाव. पुढच्या चार रांगांना चित्र दिसायचं, मागच्यांच्या वाट्याला आवाज. पुढे १९८४ साली देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचं जाळं झपाट्याने पसरलं आणि मराठवाड्यातल्या गावांत बांबूला बांधलेले अँटेने दिसू लागले, तेव्हाही बरीच वर्षं हेच चित्र होतं. संच ओट्यावर आणून ठेवायचा, ‘आमची माती आमची माणसं’ लागायचं, आणि रस्त्यापर्यंत माणसं बसायची.

दूरदर्शनची ओळखधून १ एप्रिल १९७६ रोजी पहिल्यांदा वाजली. पंडित रविशंकर यांनी सनईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांच्यासोबत ती बांधली. पडद्यावर दोन वक्र रेषा फिरत फिरत डोळ्याच्या आकारात स्थिरावतात, ते चिन्ह राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकलेल्या देवाशिष भट्टाचार्य यांचं. धुनेची लय संथ, स्वर लांबवलेले. लांबवलेल्या स्वराचा फायदा असा, की मुरड ऐकू यायला दूरच्या माणसालाही पुरेसा अवधी मिळतो. भराभर वाजवलेल्या स्वरांचा चार घरं ओलांडताना लगदा होतो.

त्या काळातल्या लाकडी खोक्याच्या कृष्णधवल संचात तीन-चार इंचांचा एकच स्पीकर असे, तोही बहुतेक वेळा एका बाजूला. सुमारे दीडशे हर्ट्झच्या खाली त्याचा जोर ओसरायचा. डग्ग्याची खोल मींड, बास गिटारचा खालचा सूर, मोठ्या ढोलाचा गाभा, सगळं त्या जाळीआड अडकायचं. म्हणून जाणते ध्वनिमुद्रक आपलं काम स्टुडिओतल्या मोठ्या, भारी स्पीकरांवर ऐकून मान डोलवत नसत. शेजारी एक छोटा चौकोनी स्पीकर ठेवलेला असे. ऑराटोन कंपनीचे तसे स्पीकर जगभरच्या स्टुडिओंत वापरले गेले. शेवटचा निवाडा त्या छोट्या डबीवर व्हायचा. तिथे गायिकेचा शब्द कळला आणि ठेका हरवला नाही, तर मिक्सिंग पास.

अडचण आणखी एक होती. स्टुडिओत दोन स्पीकर, घरात एक. कोरस डावीकडे-उजवीकडे छान पसरवून ठेवला आणि दोन्ही बाजू घरच्या एकाच स्पीकरमध्ये येऊन मिळाल्या, की काही लहरी एकमेकींना मारक ठरतात आणि आवाज पोकळ होतो. म्हणून मिक्सिंग करताना मधूनमधून मोनोचं बटण दाबून ऐकायचं, हा नियम. आवाजातला चढ-उतार आटोक्यात ठेवायला कम्प्रेसर असतो. त्याने आलापाची हळुवार अखेर वर उचलायची आणि तिहाईचा दणका खाली दाबायचा. मैफलीत हा चढ-उतार हाच प्राण असतो. शीर्षकगीतात तो तसाच ठेवला, तर हळुवार जागा चुलीवरच्या फोडणीत विरून जातात.

१९९३च्या ३० सप्टेंबरला पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि धाराशिवच्या या पट्ट्यात दगड-मातीची घरं आणि जड माळवदं माणसांवर कोसळली. माकणीच्या जवळच्या सास्तूरने तो घाव फार मोठा सोसला. नंतर जी वस्ती उभी राहिली ती सिमेंटची आणि पत्र्याची. आवाजाच्या दृष्टीनेही घर बदललं. सारवलेली माती आवाज थोडाफार पिऊन टाकत असे. उघडं सिमेंट आणि पत्रा तो परत फेकतात. अशा खोलीत व्यंजनं एकमेकांवर चढतात, शब्द घुमतो. तिथे गीत कळायचं, तर गायकाचा उच्चार स्वच्छ हवा, आवाज वाद्यांच्या पुढे हवा आणि स्टुडिओत लावलेला रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, बेताचा हवा. घराने घातलेली भर वेगळी असतेच.

एका गळ्याचे तीन गळे

कोरस भरदार वाटतो तो माणसांच्या संख्येने, असं आपल्याला वाटतं. खरं तर तो भरदार वाटतो माणसांतल्या बारीक फरकांमुळे. कुणाचा सूर केसभर वर, कुणाचा शब्द सेकंदाच्या तीस-चाळिसाव्या भागाइतका मागे. हे फरक एकाच माणसाकडून दोन-तीनदा गाऊन घेऊनही मिळवता येतात. पहिला टेक हेडफोनवर ऐकत गायकाने तीच ओळ पुन्हा गायची आणि दोन्ही एकत्र वाजवायचं. माणूस यंत्र नसल्याने दुसरा टेक पहिल्यासारखा हुबेहूब होत नाही, आणि त्या न जुळण्यातच सगळी गंमत असते.

आपल्या कानांना ही युक्ती चित्रपटसंगीताने ओळखीची करून दिली. ‘बहारों के सपने’मध्ये (१९६७) राहुलदेव बर्मन यांनी लताबाईंच्या आवाजावर लताबाईंचाच आवाज चढवला. पुढे ‘इजाजत’मध्ये (१९८७) आशाबाईंच्या दोन आवाजांना त्यांनी एकमेकांशी बोलायला लावलं. टीव्हीच्या जगात ती गरजेतून आली. १९६४ साली अमेरिकेत ‘द अॅडम्स फॅमिली’ ही मालिका सुरू होणार होती. विक मिझी या संगीतकाराने तिच्यासाठी चाल बांधली, पण निर्मिती कंपनी गायकांचे पैसे द्यायला तयार नव्हती. मिझी स्वतः माइकसमोर उभा राहिला, तीन वेळा गायला आणि एकावर एक तीन ट्रॅक चढवले. मंडळी गातेय असं वाटतं, तो सगळा एकच माणूस. जोडीला हार्पसिकॉर्ड आणि बोटांच्या दोन चुटक्या. चुटकीला एक पैसा लागत नाही, आणि ती नेमकी त्या तल्लख पट्ट्यात वाजते. साठ वर्षं झाली, जगभर लोक त्या चालीच्या नेमक्या जागी चुटकी वाजवतात.

महाराष्ट्रातल्या गावांना याच्या उलट टोकाचा गळाही चांगला ठाऊक आहे. बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’चं (१९८८ ते १९९०) शीर्षकगीत राजकमल यांनी महेंद्र कपूर यांच्याकडून गाऊन घेतलं. दादा कोंडके यांच्या चित्रपटांमुळे तो आवाज मराठी माणसाला घरचा होता. खुल्या गळ्याचा, वरच्या पट्टीत न डगमगणारा, लांब जाणारा. त्यात गीतेतले श्लोक. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, असं आज सांगतात. ते ओस पाडण्याचं निम्मं काम त्या गळ्याने केलं होतं.

श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’साठी (१९८८) वनराज भाटिया यांनी निराळा रस्ता धरला. लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे शिकलेल्या या संगीतकाराने ऋग्वेदातलं नासदीय सूक्त समूहस्वरात बांधलं. त्याचं हिंदी रूप वसंत देव यांनी केलं होतं. एकट्या गळ्याला चेहरा असतो, समूहाला नसतो. सृष्टीच्या उगमाविषयीचा प्रश्न कुणा एका माणसाचा वाटू नये, तर तो समूहातूनच यायला हवा. आणि ‘मालगुडी डेज’मध्ये (१९८६) एल. वैद्यनाथन यांनी शब्दच काढून टाकले. मराठी रंगभूमीवरून पुढे आलेल्या शंकर नागचं दिग्दर्शन, आर. के. नारायण यांच्या कथा आणि नुसत्या निरर्थक अक्षरांवर गुणगुणलेली चाल. भाषेची अडचणच उरली नाही. माकणीतलं पोर असो की मदुराईतलं, ती चाल सगळ्यांना आपलीच वाटली.

ब्लेड, फीत आणि लांबलचक व्हरांडा

ध्वनिमुद्रणातली चतुराई कुठपर्यंत जाऊ शकते, हे पाहायचं तर लंडनच्या माइडा व्हेल स्टुडिओत जावं लागतं. तिथे बीबीसीचं ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’ होतं. १९६३ साली रॉन ग्रेनर या संगीतकाराने ‘डॉक्टर हू’ या नव्या मालिकेसाठी एक चाल लिहून दिली. ती प्रत्यक्षात आणायचं काम डेलिया डर्बीशायर या तरुणीकडे आलं. डिक मिल्स तिचा सहायक. सिंथेसायझर बाजारात यायला अजून अवकाश होता.

डेलियाने एक तार छेडली आणि तो आवाज फितीवर घेतला. फीत वेगाने फिरवली की सूर चढतो, हळू फिरवली की उतरतो. वेग दुप्पट केला तर बरोबर एक सप्तक वर. अशा प्रकारे एकाच छेडीतून लागतील तेवढे सूर तयार केले. मुख्य सुरावटीसाठी यंत्रांची चाचणी घ्यायला ठेवलेले ऑसिलेटर घेतले आणि त्यांची चकती हाताने फिरवत मींड काढली. वाऱ्यासारख्या सुसकाऱ्यासाठी नुसती खरखर गाळून वापरली. मग ब्लेड. स्टुडिओतली फीत साधारण सेकंदाला १५ इंच धावते. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा सूर हवा, तर साडेसात इंच फीत मोजायची, तिरकी कापायची, पुढच्या तुकड्याला चिकटपट्टीने जोडायची. असा एकेक सूर.

अनेक ट्रॅक एकत्र घेणारं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. तीन फिती तीन यंत्रांवर चढवून एकदम सुरू करायच्या आणि चौथीवर उतरवून घ्यायच्या. एकदा काहीतरी बिनसलं. कुठला तरी सूर चुकीच्या जागी पडत होता आणि सापडत नव्हता. शेवटी त्यांनी फिती लांबलचक व्हरांड्यात जमिनीवर शेजारी शेजारी पसरल्या आणि चालत चालत जोड तपासले. जिथे जोड जुळेना, तिथे चूक होती. ग्रेनरने तयार झालेली धून ऐकली तेव्हा आपण लिहिलेली ती हीच का, असा त्याला प्रश्न पडला. डेलियाला मानधनात वाटा मिळावा अशी त्याची इच्छा होती, पण ती पगारी नोकर, नाव देण्याची पद्धत नाही, म्हणून ते राहून गेलं. ती २००१ साली वारली. पडद्यावर तिचं नाव झळकलं ते २०१३मध्ये, मालिकेच्या पन्नाशीला.

साठ सेकंदांचा हिशेब

मराठी शीर्षकगीतांचा विषय निघाला की पहिलं नाव येतं अशोक पत्की यांचं. दूरदर्शनवरच्या ‘गोट्या’चं शीर्षकगीत त्यांचं. १९९९मध्ये अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली तेव्हा आलेल्या ‘आभाळमाया’चंही त्यांचंच, गीत मंगेश कुळकर्णी यांचं, स्वर देवकी पंडित यांचा. नंतरच्या ‘वादळवाट’लाही हीच गीतकार-संगीतकार जोडी होती. पत्कींच्या या कामामागे हजारो जिंगल्सचा रियाज आहे. जाहिरातीत वीस-तीस सेकंदांत सुरुवात, मध्य, शेवट आणि मालाचं नाव, सगळं बसवावं लागतं. ज्याला तीस सेकंदांत चाल पूर्ण करता येते, त्याला साठ सेकंद म्हणजे ऐसपैस वाडा.

या साठ सेकंदांचा हिशेब एकदा जवळून पाहू. मिनिटाला ९६ मात्रांची लय धरली, तर आठ मात्रांच्या केरव्याची बरोबर १२ आवर्तनं साठ सेकंदांत बसतात. तीच लय आणि सहा मात्रांचा दादरा घेतला, तर १६ आवर्तनं. शेवटची सम बरोबर मिनिटाच्या काठावर येते, आणि मालिकेचं नाव पडद्यावर ठसतं त्या क्षणी ती पडते. लय थोडी वाढवून १०० केली, तर आणखी एक सोय होते. आपल्याकडच्या टीव्हीत सेकंदाला २५ चौकटी असतात. मिनिटाला १०० मात्रा म्हणजे एक मात्रा ०.६ सेकंदांची, म्हणजे नेमक्या १५ चौकटी. संकलकाला प्रत्येक मात्रेवर दृश्य बदलता येतं, अर्धी चौकट इकडे-तिकडे होत नाही. गायक-वादकांच्या कानांत हेडफोनमधून क्लिक टिकटिकत असते ती यासाठी. त्या काटेकोर टिकटिकीवर देवकीताईंसारख्या शास्त्रीय तालमीतल्या गायिकेने शब्द मोकळा सोडायचा, समेवर मात्र चुकायचं नाही, ही सोपी गोष्ट नाही.

रचनेतही शिस्त असते. पहिल्या दोन-तीन सेकंदांत एक छोटी ओळखीची जागा: बासरीचा तुकडा, सतारीची एक तान, घंटेचा टोल. गळा लवकर यायला हवा, लांबलचक पूर्वसंगीताची चैन परवडत नाही. मग एक ओळ खालच्या सप्तकात, एक उचल, आणि शेवटी मालिकेच्या नावावर मुक्काम. प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर असल्याने त्याच मुद्रणातून नंतर कितीतरी रूपं निघतात. गळा काढून नुसती बासरी ठेवली की नायिकेच्या दुःखाचं पार्श्वसंगीत तयार. ठेका काढला, लय उतरवली की विरहाचं. घरातली माणसं ती चाल दिवसातून एकदा ऐकतात असं वाटतं. प्रत्यक्षात भागभर ती वेगवेगळ्या वेशांत त्यांच्या कानांवर पडत असते. म्हणून ती इतकी मुरते.

‘मिले सुर मेरा तुम्हारा’ हे शीर्षकगीत नाही, पण दूरदर्शनच्या एका पिढीची ती ओळखधूनच. १५ ऑगस्ट १९८८ रोजी ते पहिल्यांदा दाखवलं गेलं. शब्द पीयूष पांडे यांचे, चाल अशोक पत्कींची, वाद्यमेळाची आखणी लुई बँक्स यांची. सुमारे सहा मिनिटं, १४ भाषा, आणि गाणारे भीमसेन जोशींपासून बालमुरलीकृष्ण आणि लताबाईंपर्यंत. इतक्या गळ्यांना एका माळेत ओवायचं तर धागा पक्का हवा. तो धागा भैरवीचा. भैरवीत प्रत्यक्ष गाताना बाराही स्वरांना जागा करून देता येते, त्यामुळे कुठल्याही प्रांताचं वळण त्यात परकं वाटत नाही. मूळ ओळ तीच राहते. भाषा बदलली की मधल्या सांध्यात त्या प्रांताचा वाद्यरंग येतो आणि कान पुढच्या भाषेसाठी तयार होतो. शिवण दिसत नाही, कारण शिवणीवरच नक्षी काढली आहे.

एकेक पट्टी वर

काही युक्त्या इतक्या साध्या असतात, की सांगितल्यावरच लक्षात येतात. ‘कौन बनेगा करोडपती’ २००० साली आलं, मराठीत ‘कोण होईल मराठी करोडपती’ २०१३मध्ये. दोन्हींचं संगीत मूळ ब्रिटिश कार्यक्रमाच्या साच्यातलं, कीथ आणि मॅथ्यू स्ट्रॅकन या पितापुत्रांनी केलेलं. प्रश्न चढत जातात तसा खालचा सूर अर्ध्या स्वराने वर सरकतो. पेटीवर लगतची पट्टी, काळी असो की पांढरी. स्पर्धक आणि प्रेक्षक कुणालाच ते जाणवत नाही, पण छातीत धडधड वाढते.

अमेरिकेतल्या ‘साइनफेल्ड’साठी जोनाथन वुल्फने याहून बारीक विचार केला. मालिकेच्या सुरुवातीला नायक विनोदी किस्से सांगायचा, आणि संगीत त्याच वेळी वाजवायचं होतं. बोलण्याचा आवाज मधल्या पट्ट्यात असतो, तर तो पट्टा त्याने मोकळाच सोडला. खाली कीबोर्डवरचा बास, वर तोंडाने काढलेल्या टकटक आणि पॉप अशा आवाजांचा ठेका. दर भागात किस्सा वेगळा, बोलण्याची गती वेगळी, म्हणून दर भागासाठी संगीत नव्याने जुळवलेलं. कीर्तनातला मृदंगवादक बुवांच्या निरूपणाखाली हात आवरून ठेका धरतो आणि अभंग आला की मोकळा वाजवतो. ती समज आपल्याकडे किती जुनी आहे!

नावं लागू द्या

आता काळ उलटा फिरला आहे. नेटफ्लिक्सने २०१७मध्ये शीर्षकगीत वगळण्याचं बटण दिलं. त्यांची स्वतःची ओळख जेमतेम एका ठोक्यावर आली. बोटातली अंगठी लाकडी कपाटावर आपटून घेतलेला आवाज त्यात आहे. कारागिरी म्हणून तो ठोका उत्तमच. पण रोजच्या मराठी मालिकांचीही शीर्षकगीतं आखडत आखडत काही सेकंदांवर आली आहेत, आणि इथे मला मनापासून हरकत घ्यावीशी वाटते. मोबाइल हातात धरून बघणाऱ्याला गीत नको असेल. गोठ्यातून यायला ज्याला मिनिटभर लागतं, त्याला ते हवं आहे. ते मिनिट कापताना आपण कुणाला घरातून बाहेर ठेवतो आहोत, याचा विचार वाहिन्यांनी करायला हवा.

या विद्येला आता मोठ्या स्टुडिओची अट उरलेली नाही. लोहाऱ्यात, माकणीत, सास्तूरमध्ये कुणाही शिकणाऱ्या मुलामुलीच्या फोनवर चार ट्रॅक एकावर एक चढवता येतात. पत्र्याच्या खोलीत दोन बाजूंना गोधड्या टांगल्या तर घुमारा आटोक्यात येतो. संबळवाला फोनपासून चार हात लांब, गाणारी हातभर अंतरावर. तीच ओळ दोनदा गाऊन घ्यायची, तंबोऱ्याचं ॲप खाली लावून ठेवायचं. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या कार्यक्रमाला, गावच्या यात्रेच्या चित्रफितीला, शेतीच्या माहितीच्या एखाद्या चॅनेलला स्वतःची धून करायला एवढं पुरे आहे. मिझीकडे गायक नव्हते, डेलियाकडे यंत्र नव्हतं. त्यांच्या युक्त्या त्या उणिवांमधूनच निघाल्या, आणि आपल्या गावांकडे उणिवा आणि हुन्नर दोन्ही आहेत.

वाहिन्यांकडे दोन मागण्या आहेत. पहिली, आठवड्यातून एकदा तरी शीर्षकगीत पूर्ण वाजू द्या. दुसरी जास्त महत्त्वाची. गीतकार, संगीतकार आणि गायकाबरोबर संगीत संयोजक, ध्वनिमुद्रक, वादक आणि कोरसमधले गळे यांची नावंही दाखवा, आणि मूळ मुद्रणं ट्रॅकसकट जपून ठेवा. ‘आभाळमाया’ची चाल लाखो मराठी घरांना पाठ आहे, ती घरापर्यंत पोचवणाऱ्या या माणसांची नावं मात्र त्या घरांना कुणी सांगितलेली नाहीत. डेलिया डर्बीशायरला पन्नास वर्षं थांबावं लागलं. आपल्या माणसांना एवढं थांबवण्याचं काही कारण नाही.